उंदीर आळशी कसा ठरला?

डोपामाइन या रसायनाचे नाव आता शाळेच्या शिक्षक-खोलीपर्यंत येऊन पोचले आहे. प्रशिक्षणवर्गांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत त्याची ओळख एका वाक्यात उरकली जाते. डोपामाइन म्हणजे आनंदाचे रसायन. बक्षीस मिळाले की ते मेंदूत स्रवते आणि ते कमी पडले की प्राणी आळशी होतो. या वाक्याच्या पुष्ट्यर्थ बहुधा एका उंदराची गोष्ट सांगतात. उंदराच्या मेंदूतले डोपामाइन नाहीसे केले; उंदराने भिंत चढायचे सोडले आणि सोपी वाट धरली. गोष्ट खरी आहे. तिच्यावरून काढलेली दोन्ही अनुमाने मात्र चुकीची आहेत, आणि मूळ प्रयोग शेवटपर्यंत वाचला असता तर ती काढली गेली नसती, असे माझे मत आहे. म्हणून या लेखात तो प्रयोग, त्याच्या मागचेपुढचे काही प्रयोग आणि त्यांच्या मर्यादा यांचे परीक्षण करायचे योजले आहे.

प्रश्न केवळ शब्दांचा नाही. कळमनुरी तालुक्यात, हिंगोली-नांदेड रस्त्यावर असलेल्या आखाडा बाळापूर या बाजाराच्या गावी शिक्षकांशी बोलण्याचा योग आला तेव्हा दोन प्रश्न लागोपाठ आले. एका गुरुजींनी विचारले, "सर, वर्गातली काही पोरं मुळातच आळशी असतात, ते डोपामाइन कमी असल्यामुळं का?" पाठोपाठ एका बाईंनी विचारले, "आमच्याकडं रोही अन् रानडुकरं शेतात येतात. बुजगावणं लावलं की थोडे दिवस थांबतात, मग पुन्हा येतात. त्यांच्या डोक्यात नेमका काय हिशेब चालत असेल?" सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या या पट्ट्यात 'जागल' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर प्रयोगशाळेत मिळते. दुसऱ्याचे तिथे फार थोडे मिळते, आणि ते का, हाही या परीक्षणाचाच भाग आहे.

आधी तो उंदीर. अमेरिकेतील कनेटिकट विद्यापीठातले जॉन सालामोन हे या क्षेत्रातले एक प्रमुख संशोधक. १९९१ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुकेल्या उंदरांपुढे दोन पर्याय ठेवले. कळ दाबत राहिले तर आवडीच्या गोळ्या मिळत. शेजारीच प्रयोगशाळेतले नेहमीचे, कमी आवडीचे खाद्य फुकट ठेवलेले असे. धडधाकट उंदीर बहुतेक वेळ कळ दाबून गोळ्याच खात. डोपामाइनचे काम रोखणारे औषध थोड्या मात्रेत दिले, तेव्हा कळ दाबणे घटले आणि फुकटचे खाद्य खाणे वाढले. गोष्ट सांगणारे हा उत्तरार्ध गाळतात. उंदराची भूक मेली असती, किंवा खाण्यातला आनंदच संपला असता, तर फुकटचे खाणेही घटायला हवे होते. ते वाढले.

१९९४ साली याच गटाने इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची वाट वापरली. टीच्या एका हाताच्या टोकाला चार गोळ्या, दुसऱ्याच्या टोकाला दोन. चार गोळ्यांच्या वाटेत ४४ सेंटिमीटर उंचीची जाळीची भिंत. निरोगी उंदीर थोड्या सरावानंतर भिंत चढून चार गोळ्या घेणे पसंत करतात. मेंदूच्या तळाशी 'न्यूक्लियस ॲक्युंबन्स' नावाचा एक भाग आहे. तिथले डोपामाइन नाहीसे केले की तेच उंदीर दोन गोळ्यांच्या मोकळ्या वाटेने जाऊ लागतात. इथे गोष्ट संपवली तर उंदीर आळशी ठरतो. पण संशोधकांनी ती इथे संपवली नव्हती. भिंत काढून टाकली, तेव्हा हे उंदीर चार गोळ्यांकडेच गेले. म्हणजे कुठे जास्त आहे हे ते विसरले नव्हते आणि जास्त हवे असणेही थांबले नव्हते. पुढे, दुसऱ्या हातात काहीच न ठेवता केवळ भिंतीपलीकडेच खाणे ठेवले, तेव्हा हे 'आळशी' उंदीर भिंत चढून गेले. म्हणजे पायांतले बळही शाबूत होते.

मग बदलले काय? दोन जादा गोळ्यांसाठी ४४ सेंटिमीटर चढणे परवडते की नाही, हा सौदा बदलला. पर्याय नसेल तर चढायचे, पर्याय असेल तर नाही. याला आळस म्हणणे म्हणजे दोन पारड्यांतले एकच पारडे पाहून वजन सांगण्यासारखे आहे. विज्ञान शिकवताना आपण 'नियंत्रित प्रयोग' हा शब्द फळ्यावर लिहितो. नियंत्रण नसेल तर निष्कर्ष कसा उलटा पडतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही. नववी-दहावीच्या मुलांना हा प्रयोग टप्प्याटप्प्याने सांगावा आणि प्रत्येक टप्प्यावर 'आता तुमचे अनुमान काय?' असे विचारावे.

'आनंदाचे रसायन' या शब्दप्रयोगाचा उगम जुना आहे. १९५४ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांना असे आढळले, की मेंदूच्या विशिष्ट जागी तार बसवलेले उंदीर तिथे विजेचा सौम्य झटका मिळवण्यासाठी पुन्हा पुन्हा कळ दाबतात. त्यावरून मेंदूत 'आनंदकेंद्र' असल्याची कल्पना रुजली आणि पुढे डोपामाइनकडे ते पद आपोआप चालत आले. या कल्पनेला मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी धक्का दिला. गोड चव लागली की उंदीर जीभ बाहेर काढून ओठ चाटतो, कडू लागली की तोंड वासतो. तान्ह्या मुलांतही अशाच हालचाली दिसतात. ज्यांचे डोपामाइन जवळजवळ संपवले आहे असे उंदीर आपण होऊन अन्नाला तोंडही लावत नाहीत, पण साखरेचे पाणी जिभेवर सोडले तर पूर्वीसारखेच ओठ चाटतात. 'आवडणे' आणि 'हवे असणे' या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यांचा १९९८ सालचा निष्कर्ष. डोपामाइनचा संबंध मुख्यतः दुसरीशी आहे. असे असूनही 'आनंदाचे रसायन' हा शब्द टिकून आहे, कारण तो सोपा आहे. आपल्या पुरवण्यांनी तो आता सोडायला हवा.

यावरून त्या गुरुजींना उत्तर देता येते. वर्गातल्या मुलाच्या मेंदूतले डोपामाइन आपण मोजलेले नाही आणि वर्गात ते मोजताही येत नाही. कंपवाताच्या रुग्णांत ते खरोखर कमी असते. त्यांच्यावरच्या अभ्यासांत असे दिसले आहे, की औषध घेतलेल्या अवस्थेत ते बक्षिसासाठी जितके कष्ट करायला तयार होतात, तितके औषध न घेतलेल्या अवस्थेत होत नाहीत. तो आजार आहे, त्याचे निदान डॉक्टर करतात. गृहपाठ न करणाऱ्या मुलाशी त्याची सांगड घालायला काहीच आधार नाही. शिवाय उंदराच्या प्रयोगात भिंतीची उंची आपल्याला माहीत असते, कारण ती आपणच ठेवलेली असते. रात्री बापाबरोबर जागलीला गेलेल्या आणि सकाळी अडीच-तीन किलोमीटर चालत आलेल्या मुलाच्या वाटेतली भिंत किती सेंटिमीटरची होती, हे आपण विचारल्याशिवाय कळत नाही.

आता प्रयोगशाळेतली पुढची पायरी. २००२ साली ऑक्सफर्डच्या मार्क वॉल्टन, डेव्हिड बॅनरमन आणि मॅथ्यू रशवर्थ यांनी अशीच टी वाट वापरली, पण इजा केली ती मेंदूच्या पुढच्या भागातील आतल्या बाजूच्या पट्ट्याला. पुढच्या प्रयोगांत यातला कळीचा भाग 'अँटेरियर सिंग्युलेट कॉर्टेक्स' असल्याचे दिसले. इजा झालेले उंदीर भिंत टाळून कमी खाण्याकडे गेले. मग संशोधकांनी दोन्ही वाटांत सारखीच भिंत ठेवली. उंदीर पुन्हा जास्त खाण्याकडे वळले! कष्ट दोन्हीकडे सारखे झाले की निवड पूर्ववत. ही युक्ती मला फार आवडते, कारण ती स्वस्त आहे, निर्णायक आहे आणि तिला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही.

२००६ साली पीटर रुडेबेक आणि त्याच गटाने आणखी एक भेद दाखवला. एका प्रयोगात जास्त खाण्यासाठी भिंत चढावी लागे, दुसऱ्यात केवळ थांबून वाट पाहावी लागे. सिंग्युलेटला इजा झालेले उंदीर कष्टाच्या प्रयोगात बदलले, वाट पाहण्याच्या प्रयोगात नाही. डोळ्यांच्या खोबणीवरच्या, म्हणजे ऑर्बिटोफ्रंटल भागाला इजा झालेल्यांचे नेमके उलट झाले. म्हणजे 'कष्ट' आणि 'प्रतीक्षा' या दोन किमती मेंदू एकाच काट्यावर तोलत नाही. धीर धरता न येणारा आणि श्रम टाळणारा, या दोघांना आपण व्यवहारात एकच शिक्का मारतो. निदान उंदरांच्या बाबतीत तरी तो चुकीचा ठरतो.

इथवर प्रयोगांची बाजू मांडली. आता त्यांच्यातल्या उणिवा. पहिली अगदी साधी: भिंत चढायला वेळ लागतो. मग उंदीर कष्ट टाळतो की उशीर? मूळ टी वाटेत या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. कॅनडातील स्टॅन फ्लोरेस्को आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये कळीच्या प्रयोगात दोन्ही पर्यायांचा वेळ सारखा करून पाहिला. डोपामाइन रोखल्यावर तरीही उंदीर कष्टाच्या पर्यायापासून दूर गेले. म्हणजे डोपामाइनपुरती ही शंका बरीच दूर झाली. दुसरी उणीव अधिक बोचरी आहे. २००९ साली वॉल्टन यांच्याच गटाने भिंतीऐवजी कळ दाबण्याचे कष्ट ठेवले, तेव्हा सिंग्युलेटच्या इजेचा टी वाटेतला परिणाम दिसला नाही. मग त्या पट्ट्याचे काम 'कष्ट तोलणे' आहे, की भिंतीसारखा अडथळा डोळ्यांपुढे असताना निर्णय घेणे आहे? लोकप्रिय लेखांत 'मेंदूतले कष्टकेंद्र सापडले' असे मथळे येतात तेव्हा हा २००९ चा निकाल सहसा त्यांच्या आसपासही नसतो. संशोधकांनी आपल्याच दाव्याला बाधणारा निकाल छापला, ही त्यांची सचोटी. तो न वाचणे, हा आपला निष्काळजीपणा.

तिसरा आक्षेप 'हिशेब' या शब्दालाच आहे. हिशेबाचे गणित आपण मांडतो. प्राणी ते करतो असे नाही. शेवटच्या वेचणीला कापसाची बोंडे विरळ झाली, की बाया किलोमागे जास्त दर मागतात किंवा सरळ रोजाने येऊ म्हणतात. त्यासाठी कोणी कागद-पेन्सिल घेत नाही. तासभरात ओटीत किती कापूस पडला, हे हाताला कळते. एरिक चार्नोव यांनी १९७६ साली मांडलेला सिद्धान्त नेमका हाच आहे: एका जागी मिळकतीचा वेग परिसरातल्या सरासरी वेगाइतका उतरला की ती जागा सोडावी. ही सोडण्याची वेळ प्राणी एखाद्या साध्या ठोकताळ्यानेही गाठू शकतो.

आणि गणित मांडायचे झाले तरी ते कोणत्या चलनात? जोंधळा हुरड्यात आला की आपल्याकडे भोरड्यांचे थवे उतरतात आणि गोफणी बाहेर निघतात. या भोरडीच्या गणगोतातला युरोपातला पक्षी म्हणजे स्टार्लिंग. ॲलेक्स कासेलनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्टार्लिंगना चालत जाऊन किंवा उडत जाऊन खाणे मिळवता येई. चालणे स्वस्त पण संथ, उडणे झटपट पण फार खर्चिक. खर्चलेल्या प्रत्येक एककामागे जास्तीत जास्त मिळवणारा 'काटकसरी' पक्षी आणि प्रत्येक मिनिटाला जास्तीत जास्त निव्वळ मिळवणारा 'घाईचा' पक्षी, यांच्या निवडी गणिताने वेगवेगळ्या येतात. प्रत्यक्ष पक्ष्यांच्या निवडी दुसऱ्या गणिताशी जुळल्या. वेळ हेच मोठे चलन ठरले. 'निसर्ग नेहमी कमीत कमी शक्ती खर्चतो' असे जे वाक्य आपण वर्गात सहज बोलून जातो, ते त्या पक्ष्यांना लागू पडत नाही.

आता रोह्यांकडे वळू. टी वाटेत एक गोष्ट कधीच नसते: जिवाची भीती. शेतात येणाऱ्या जनावराच्या दृष्टीने ती सर्वांत मोठी किंमत असणार. म्हणूनच प्रयोगशाळेतले मेंदूविज्ञान बाईंच्या प्रश्नाला अर्धेच उत्तर देते. उरलेले उत्तर रानात शोधावे लागते, आणि महाराष्ट्रात ते शोधण्याचे मोलाचे काम डॉ. मिलिंद वाटवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले आहे. पुण्यात असताना त्यांनी वेड्या राघूवर केलेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास प्रयोग म्हणून अतिशय साधा आहे. जमिनीतल्या बिळात घरटे करणारा हा पक्षी, माणूस जवळ असला की घरट्यात शिरायला कचरतो. माणसाला घरट्याचे तोंड दिसत असेल तर जास्त कचरतो. दिसत नसेल अशा जागी तो उभा असेल तर कमी. माणूस तोच, बदलते ती फक्त त्याची नजर. पिलांना भरवण्याचा फायदा आणि घरटे उघडे पडण्याचा धोका यांची तोलामोल इतकी बारीक असू शकते. (या पक्ष्याला 'वेडा' कोणी ठरवले, हा प्रश्न निराळा.)

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या पश्चिम सीमेवरच्या शेतांत अभय बयानी, वाटवे आणि इतरांनी केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी नुकसान चार वेगवेगळ्या रीतींनी मोजले. जंगलाला लागून असलेल्या शेतांत ते ५० टक्क्यांहून अधिक भरले आणि जंगलापासूनचे अंतर वाढत गेले तसे उतरत गेले. हा उतार म्हणजेच जनावरांनी रानात रेखाटलेला आलेख असे मी समजतो. आडोशापासून जितके दूर जावे तितकी किंमत वाढते. पिकाचे मोल तेवढेच राहते. याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष शेतकऱ्याच्या खिशाशी संबंधित आहे. नुकसानभरपाईसाठी डोळ्यांनी पाहून जो अंदाज केला जातो, तो प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा फारच कमी निघाला. इतकेच नाही तर त्याचा आणि खऱ्या आकड्याचा काही मेळच बसला नाही. प्राण्याची किंमत माणसाने डोळ्यांनी ठरवू नये, हा धडा उंदराच्या भिंतीने दिला होता. पंचनाम्यालाही तो तितकाच लागू आहे.

ताडोबाचे आकडे हिंगोली जिल्ह्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तिथे वाघ आहे, सलग जंगल आहे. इथे माळ, नदीनाल्यांची झाडी आणि पडीक जमीन. पण मोजण्याची एक रीत मात्र कोणत्याही शाळेच्या आवारात वापरता येईल. ती जोएल ब्राउन यांनी १९८८ साली मांडली. वाळूत दाणे मिसळून ठेवायचे. प्राणी आधी भराभर टिपतो. दाणे विरळ होत जातात तसा प्रत्येक दाण्यासाठी जास्त उकरावे लागते. शेवटी कधीतरी तो सोडून जातो. मागे किती दाणे उरले, यावरून त्या जागी खाणे त्याला किती महाग पडत होते हे कळते. जागा महाग, तर उरलेले दाणे जास्त. उकरण्याचे कष्ट, धोका आणि दुसरीकडे मिळू शकले असते त्याचे मोल, अशा तिन्ही किमती त्या उरलेल्या दाण्यांत एकत्र आलेल्या असतात. वाळू, दाणे आणि ताटे सारखीच ठेवून फक्त जागा बदलली, तर फरक मुख्यतः धोक्याचा उरतो.

दोन सारख्या पराती, प्रत्येकीत तीन किलो कोरडी चाळलेली वाळू आणि तीत ५० ग्रॅम ज्वारी एकजीव करून मिसळावी. एक परात झाडाझुडपाच्या कडेला, दुसरी मोकळ्या मैदानात १० मीटरवर. शाळा भरण्यापूर्वी ठेवून मधल्या सुट्टीच्या आधी उचलावी. रात्री ठेवू नये, उंदीर-घुशी येतात. वाळू चाळून उरलेली ज्वारी वजन करावी. पहिले तीन-चार दिवस आकडे धरू नयेत, पाखरांना सवय व्हावी लागते. रोज परातींच्या जागांची अदलाबदल करावी, म्हणजे परातीतला फरक जागेचा समजला जाणार नाही. कोण आले याचीही नोंद हवी. होला, चिमणी आणि खार यांना एकच झुडूप एकाच अर्थाचे नसते: खारीला तो आसरा असेल, होल्याला तिथे मांजर दबा धरून बसल्याची शंका असेल. उत्तर आधी सांगू नये.

आकडे स्थिरावले की मैदानातल्या जागेजवळ एक बुजगावणे उभे करावे आणि दहा-बारा दिवस तिथले उरलेले दाणे रोज मोजून आलेख काढावा. पाखरांचे बुजगावणे रोह्यांना लागू पडेलच असे नाही, हे मुलांना सांगावे. अर्ध्या दिवसांत बुजगावणे तसेच ठेवावे आणि उरलेल्या दिवसांत रोज त्याची जागा व सदरा बदलावा. दोन्ही रेघा एकाच कागदावर काढल्या, म्हणजे भीतीची किंमत कोणत्या दिवसापासून उतरू लागते आणि बदल केल्याने ती किती टिकते, ते बाळापूरच्या मुलांना आपल्या डोळ्यांनी वाचता येईल.